मोठ्या टाकीवर कोण उभं राहतं

हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि नाही बसला तरी आपलं काही बिघडत नाही, पण शिट्टीरावाचं नाक वाजायचं. घोरण्यासारखं नाही. घोरतात काय, सगळेच घोरतात. हा माणूस टक्क जागा असताना, नुसता श्वास घेत असताना, पाणी उकळायला आलं की किटली वाजते तशी बारीक, सरळ शिट्टी त्याच्या नाकातून यायची. जिना चढताना सूर चढायचा, उतरताना उतरायचा. गल्लीतली कुत्री त्याच्यामागे शहाण्यासारखी ओळीने चालायची. एकदा सुटलेल्या बसमागे तो जिवाच्या आकांताने धावला, तर ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनेच शिट्टी दिली, आणि बस थांबली. शिट्टीराव चढला खरा, पण दम काही खाली बसेना, त्यामुळे बस पुढे दर विजेच्या खांबाला थांबत गेली. असं तो स्वतः सांगायचा. बायको म्हणायची, बस थांबली एवढं खरं आहे, पण ती लाल दिव्याला.

वाजण्याचं कारण साधं होतं. दोन नाकपुड्यांच्या मध्ये पडदा असतो, त्या पडद्याला शर्टाच्या गुंडीएवढं भोक पडलेलं होतं, आणि श्वास त्या भोकाच्या कडेवर घासून जायचा. भोक पाडलं होतं क्रोमच्या टाकीने. तो प्लेटिंगच्या कारखान्यात होता. नळ, दाराच्या मुठी, गाड्यांचे बंपर, असलं सगळं तिथं मळकं यायचं आणि आरशासारखं होऊन जायचं. बफिंगच्या चाकावर घासायचं, धुवायचं, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडवायचं, आणि शेवटी मोठ्या टाकीत. मोठ्या टाकीतलं पाणी गडद लाल, आणि वीज सोडली की त्यावर बारीक फेस येऊन पिवळसर वाफ उठायची. ती घशात गेली की तोंडात जुनं नाणं ठेवल्यासारखी चव. टाकीच्या वर वाफ ओढून घेणारा मोठा पंखा होता. त्या पंख्यात पारव्याने घरटं केलं होतं. मालक भूतदया असलेला माणूस, म्हणाला पिल्लं उडाली की पंखा लावू. पिल्लं उडाली, संसाराला लागली, त्यांची पिल्लं त्याच पंख्यात वाढली, आणि वाफ आपली खालीच फिरत राहिली.

आता त्या कारखान्यातली रीत ऐका. नवा गडी टाकीजवळ आला की सुरुवातीला त्याचं नाक जळायचं, आतून खपल्या धरायच्या, रक्त यायचं. मग एक दिवस जळजळ अचानक थांबायची. तेव्हा सगळ्यात जुना कारागीर मेण लावलेला दोरा घेऊन यायचा आणि त्या गड्याच्या एका नाकपुडीत हळूच सारायचा. दोऱ्याचं टोक दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर आलं की सगळे टाळ्या वाजवायचे. नाक पक्कं झालं म्हणायचे. त्याला मोठ्या टाकीचे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे मिळायचे आणि त्या दिवसापासून तो कारागीर. सुताराच्या हाताला घट्टे पडतात, तसंच हे, असं तिथं सगळ्यांना मनापासून वाटायचं. भोक पडल्यावर दुखत नाही, म्हणजे आता वाफ आपलं काही करू शकत नाही, हा त्यांचा हिशेब. जे उरलंच नाही ते दुखणार कसं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. शिट्टीरावाचा दोरा तर पहिल्याच फटक्यात पार झाला होता, आणि त्याचा त्याला लग्नातल्या फोटोपेक्षा जास्त अभिमान होता.

त्याला एक मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, तिशी ओलांडलेला, पण बायकोने आईच्या मागे त्याला स्वतः वाढवलेलं, त्यामुळे तिच्या लेखी तो अजून दुधाच्या दातांचाच. त्याने बरेच उद्योग करून पाहिले. ट्रक चालवायला गेला तर पहिल्याच दिवशी मालकाच्या फाटकात मागे घातला. फोटो स्टुडिओत लागला तर गिऱ्हाईक हसलं की हाही हसायचा आणि बटण दाबायचं राहून जायचं. शेवटी शिट्टीरावाने त्याला कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर लावला. चकचकीत नळ कापडाने पुसायचे आणि कागदात गुंडाळायचे. तिथं मात्र तो टिकला. तो टिकला या गोष्टीवर बायकोचा विश्वास बसायला वेळ लागला, आणि बसला तेव्हा तिने नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली, की माझ्या भावाला त्या टाकीपासून लांब ठेवा. शिट्टीरावाने शब्द दिला. थापा मारायचा तो दिवसभर, पण दिलेला शब्द निराळा आणि थाप निराळी, हे त्याचं पक्कं होतं.

मेहुण्याला मात्र टाकीच हवी होती. पॅकिंगच्या टेबलावरच्या माणसाला कारखान्यात चहाही शेवटी मिळायचा. जेवणाच्या सुट्टीत तो टाकीपाशी जाऊन छाती भरून श्वास घ्यायचा, आणि घरी आरशासमोर उभा राहून शिवणाचा दोरा नाकात सारून शिंकत बसायचा. अजून काही पलीकडे जात नाही भावोजी, म्हणून तक्रार करायचा. शिट्टीराव त्याला सांगायचा की प्रत्येकाच्या नशिबात पक्कं नाक नसतं, काहींना आयुष्यभर दोन वेगवेगळ्या नाकपुड्या घेऊन जगावं लागतं.

मग एके दिवशी सकाळी दाढी करताना शिट्टीरावाच्या नाकातून रक्त आलं. ते नेहमीचंच, म्हणून त्याने दुर्लक्ष केलं आणि दुसरा गाल केला. तोवर फेसाचा रंग गुलाबी झाला होता. मग रुमाल झाला, मग टॉवेल, मग दुसरा टॉवेल. शेजारी जमले. एक म्हणाला मान वर धर, दुसरा म्हणाला खाली घाल, आणि दोघांचंही ऐकून तो बुडणाऱ्या माणसासारखा वरखाली करत राहिला. रक्त पुढून थांबलं की घशातून उतरायचं. बायको त्याचं नाक चिमटीत धरून टॅक्सीत बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो रस्ताभर एक शब्द बोलला नाही.

हॉस्पिटलात त्याच्या दोन्ही नाकपुड्यांत पट्टी भरली. सुती पट्टीची घडी संपता संपेना. आत एखादं बिऱ्हाड राहायला आलंय आणि त्याचं सामान चढवताहेत असं त्याला वाटलं, पण सांगणार कोणाला. डोळ्यांतून पाणी, तोंडातून श्वास, आणि थोड्या वेळाने पट्टीतूनही रक्त. नाकाच्या डॉक्टरीणबाई आल्या. शांत, ठेंगण्या, बोलताना बोटांनी हवेत आकृत्या काढणाऱ्या. नवरा बोलण्याच्या स्थितीत नव्हता म्हणून त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. नाकाच्या अगदी मागे एक धमनी येते, ती फुटली आहे. पट्टीने ती दबत नाही. दुर्बीण घालून तिथं चिमटा लावून ती कायमची बंद करावी लागेल. आणि यात एक अडचण आहे. पडद्याचं हे एवढं मोठं भोक पुढे कधी बुजवायचं म्हटलं, तर त्यासाठी नाकातलंच अस्तर सोडवून ठिगळासारखं फिरवावं लागतं, आणि ते अस्तर जगतं याच धमनीवर. ही बंद केली की ते ठिगळ गेलं.

बायकोने विचारलं, मग मी काय सांगू तुम्हाला?

काहीच नका सांगू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला चिमटा लावावाच लागणार आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

शिट्टीराव पाठीवर पडून हे ऐकत होता. त्याच्याच नाकाबद्दल चाललेलं बोलणं, आणि त्यात त्याला खुपसायला नाकही मोकळं नव्हतं.

रक्त थांबलं. पट्टी काढली. शिट्टी पुन्हा सुरू झाली, पण जरा घोगरी. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी त्याला दुर्बिणीतलं चित्र टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. त्याने आयुष्यभर दोऱ्याने ओळखलेलं भोक पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. कड काळपट, खपल्यांनी भरलेली, आणि भोकाच्या पलीकडे दुसरी नाकपुडी, उघड्या खिडकीतून शेजाऱ्याची खोली दिसावी तशी. हे वाढतंय, त्या म्हणाल्या. आणखी वाढलं की वरचा आधार जाईल आणि नाक मधोमध खचेल. रक्तही पुन्हा येईल. दुसऱ्या बाजूच्या अस्तरात काही अर्थ उरलेला नाही. पण इथं वर, डोळ्याच्या बाजूने, एक बारीक धमनी उतरते, ती अजून चांगली आहे. तिच्यावर जगणारा अस्तराचा एक तुकडा वरून जोडलेलाच ठेवून फिरवता येईल. कानाच्या वर स्नायूवर पातळ पापुद्रा असतो, तो काढून मध्ये घालू, म्हणजे दोन्हीकडून भिंत धरेल. पण ती एकच उरली आहे. हे फसलं तर माझ्याकडे तिसरी नाही.

आणि एक अट. ती वाफ त्या नव्या भिंतीला लागता कामा नये. आता तर नाहीच, पुढेही नाही. टाकी सोडायची.

सोडली, शिट्टीराव म्हणाला. तेव्हा त्याला तसंच वाटलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. नाकात दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे मऊ पत्रे टाके घालून बसवले होते. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड सताड उघडून द्यायची. घरात शिंकेची अशी दहशत बसली की बायकोने फोडणी देणं बंद केलं, केरसुणी ओली करून मारायला लागली, आणि मेहुणा भावोजींची भुवई वर गेली की पंखा बंद करायला धावायचा. तरी एक शिंक आली. दुपारचं जेवण चाललं होतं. शिट्टीरावाने तोंड उघडलं, डोळे मिटले, आणि घास भिंतीवर गेला. बायको ताटावरून न उठता त्याच्या नाकाकडे बघत राहिली. रक्त आलं नाही. मग तिघंही हसले, तो मात्र जपून, ओठ न हलवता.

पत्रे काढले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं आणि मान डोलावली. तुकडा गुलाबी होता. धरला होता. घरी येताना शिट्टीरावाने श्वास घेतला आणि काहीच वाजलं नाही. गल्लीतल्या कुत्र्यांनी त्याला ओळख दिली नाही.

आता बफिंगला बसायचं असं ठरवून शिट्टीराव कामावर परतला, त्या पहिल्याच सकाळी त्याला मोठ्या टाकीपाशी पाठमोरा माणूस दिसला. कोपरापर्यंतचे हातमोजे घातलेला. वळला तर मेहुणा. डोळे लाल, नाकाच्या कडेला पिवळी खपली, आणि चेहऱ्यावर असा आनंद की फोटो स्टुडिओतही कोणाच्या चेहऱ्यावर दिसला नसेल. थोडंच राहिलंय भावोजी, तो म्हणाला, जळजळ कमी झालीय.

शिट्टीराव तसाच मालकाकडे गेला. मालक वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, तब्येत विचारली. म्हणाला, टाकी बंद ठेवली तर कारखाना बंद ठेवावा लागेल. जुने कारागीर एकेक करून गेले. दुसऱ्या कारागिराची चौकशी चालू आहे, पण हे काम आता कोणी शिकत नाही. येणारा येईपर्यंत एकाला तरी उभं राहावंच लागेल. तुम्ही नाहीतर तो. तुम्ही घरातलीच माणसं, तुमचं तुम्ही ठरवा. पंख्याचं विचारलं तर त्याने वर पाहिलं. वरून पारवा त्याच्याकडे पाहत होता.

शिट्टीरावाने मेहुण्याचे हातमोजे ओढून काढले. मेहुणा चिडला, माझ्या वाटेत का येता म्हणाला. मग शिट्टीरावाने त्याला कोपऱ्यात नेऊन ती पट्टीची आणि धमनीची हकिकत सांगितली, एकदाच आयुष्यात काही न वाढवता. दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्याच नाकातून रक्त आलं, थोडंसंच, पण तो भिंतीला टेकून खाली बसला. त्यानंतर तो मुकाट पॅकिंगला गेला आणि ताईला यातलं काही सांगणार नाही असं कबूल केलं. शिट्टीरावाने हातमोजे स्वतः चढवले आणि त्याला समजावलं की हे थोड्या दिवसांपुरतंच आहे, नवा माणूस येतोच आहे. नवा माणूस रोज येतच होता.

संध्याकाळी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं की टाकीवर कोण असतं आता. शिट्टीरावाच्या तोंडून आपोआप निघालं, तुझा विश्वास बसणार नाही, मालकाने मशीन आणलंय.

एकदा तोंडातून निघाल्यावर मशीनला हात लागला, मग रूळ लागले, मग लाल दिवा. ते आपलं आपण नळ उचलतं, बुडवतं, निथळवतं आणि ठेवतं. पुढच्या आठवड्यात त्याला सवयी लागल्या. तेल दिल्याशिवाय सकाळी जागचं हलत नाही. एकदा त्याच्या हातून दाराची मूठ टाकीत पडली, तर हात खाली घालून अपराध्यासारखं उभं राहिलं, मालकाने पाठ थोपटली तेव्हा पुन्हा सुरू झालं. सुरुवातीला मेहुणा खाली मान घालून जेवायचा. मग त्यालाही चव लागली. म्हणाला, पॅकिंगवाल्यांना ते मान देतं, ताई, कारागिरांना नाही. बायको पदर तोंडाला लावून हसायची.

दिवसा शिट्टीराव तोंडाला ओलं फडकं बांधून टाकीवर उभा राहायचा. नाकात मलम थापायचा. वीज सोडली की श्वास धरायचा, बंपर खाली सोडायचा, मान वळवून दाराकडे तोंड करून श्वास घ्यायचा. वाफ मागून येऊन त्याच्या खांद्यावरून डोकावायची. फडकं दुपारपर्यंत पिवळं पडायचं. ते तो कारखान्यातच धुवायचा, पिळायचा, पुन्हा बांधायचा. डोक्यात एकच गोष्ट फिरायची. दोन नाकं आणि एक टाकी, आणि कितीही फिरवून मांडलं तरी एक नाक टाकीवर उरत होतंच. त्याने खूप गोष्टी रचल्या होत्या आयुष्यात, कुठल्याही गोष्टीतून माणसाला बाहेर काढायला त्याला वाट सापडायची. या एकीतून सापडेना.

पुढे पुढे बायको मशीनबद्दल बारकाईने विचारायला लागली. संध्याकाळी त्याच्यावर कोणी पांघरूण घालतं का? त्याला वाफ बाधत नाही का? दमल्यावर ते बसतं कुठं? शिट्टीरावाला बरं वाटायचं. एवढं मन लावून त्याच्या थापा कोणी ऐकल्या नव्हत्या. डब्याच्या पिशवीत ती हल्ली धुतलेल्या फडक्यांची चळत ठेवायची, डबा पुसायला लागतात म्हणून.

तपासणीच्या दिवशी तिघंही गेले. मेहुणा दाराशी उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली आणि पडद्यावर चित्र आलं. शिट्टीराव मान हलवू शकत नव्हता, पण डोळ्यांच्या कडेने त्याला दिसत होतं. गुलाबी तुकड्याची पुढची कड वाळली होती. काळी पडली होती, आणि तिच्यावर पिवळी खपली होती. डॉक्टरीणबाईंनी त्या कडेवरून दुर्बीण पुन्हा एकदा फिरवली. मग दुर्बीण बाहेर काढून त्यांनी विचारलं, "काका, टाकीवर जाता का तुम्ही?"

शिट्टीराव म्हणाला, छे. आता डॉक्टर, तुमचा विश्वास बसणार नाही, पण आमच्याकडे मशीन आलंय. आणि त्याने सगळं सांगितलं, रूळ, लाल दिवा, तेल. गोष्ट नेहमीपेक्षा चांगली जमली. मशीन आजारी पडलं होतं तेव्हा त्याला दुरुस्तीला नेणाऱ्या गाडीत ते कसं रडलं, हा भाग त्याला तिथंच सुचला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते खरं धरलं. पडद्यावरच्या चित्राकडे पाहत त्या हळू बोलायला लागल्या, स्वतःशी बोलावं तसं. "मग हे माझ्याकडूनच झालं असणार. तुकडा मी ओढून बसवला, ताण आला. नाहीतर धमनी पिळली गेली फिरवताना. मी आणखी रुंद ठेवायला हवा होता." बोटांनी त्यांनी हवेत तो तुकडा पुन्हा कापला, पुन्हा फिरवला, आणि हात खाली घेतला. "सॉरी, काका. एकच धमनी उरली होती, आणि ती मी घालवली."

शिट्टीरावाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने मान फिरवली. आता काहीतरी सांगायला हवं होतं, आणि त्याने तोंड उघडलंही. "तुमची काही चूक नाही हो," तो म्हणाला, "काय आहे, आमचं ते मशीन कधीकधी जास्तच वाफ सोडतं, पार पॅकिंगच्या टेबलापर्यंत येते, तर मी त्याला म्हटलं..."

"मशीन नाहीये, डॉक्टर," बायको म्हणाली. ती खुर्चीतून उठली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. "तिथं हेच उभे असतात. मी कारखान्याच्या दाराशी जाऊन पाहिलंय. आणि घरी येऊन रोज यांच्याकडून मशीन ऐकत बसले, कारण हे खाली उतरले की तिथं माझा भाऊ चढतो."